धुऱ्यावरची तूर

तिरोडा
८ सप्टेंबर २०२५

ओमेश,

तुझ्या बाटलीचा वास अजून माझ्या बोटांना आहे. साबणानं हात धुतले, लिंबू चोळलं, शेवटी राखेनं घासले. सकाळी पोह्यांचा घास तोंडाशी नेला आणि ताट बाजूला सारलं. कॉलेजात फळ्यावर लिहिताना खडूलाही तोच वास येत होता.

वर 'प्रिय' लिहायचं विसरले नाही, मुद्दाम गाळलंय. फोन तू उचलत नाहीस, व्हॉट्सॲपवर मला ब्लॉक करून बसलास, म्हणून हे पत्र. पोस्टमनला तुला ब्लॉक करता येत नाही. रायपूरच्या तुझ्या ऑफिसचा पत्ता बाटलीवरच सापडला. तिच्यावर छापलेलं निदान तेवढं तरी खरं असेल असं धरून चालते.

काल गावी गेले होते. दवनीवाड्याहून ऑटोनं येताना दोन्ही बाजूंच्या बांध्यांत धान छान हिरवंगार दिसत होतं, आणि बांध्यांमधल्या उंच धुऱ्यांवर तूर मरून पडलेली. मरून म्हणजे वाळून नव्हे. वाळली असती तर मी पाऊस-पाण्याला दोष दिला असता. शेंडे खाली वळलेले, पानं वाटीसारखी आत मुडपलेली, खोडं पिळवटलेली, काही खोडं तर बुडाशी सुजून फुटलेली. ऑटोतून उतरून एक झाड हातात घेतलं आणि लगेच खाली टाकलं. इतक्या वर्षांत किडलेलं, कुजलेलं, बुरशीनं काळं पडलेलं खूप पाहिलं, वर्गात पोरांना दाखवलंही. पण वाढूनच मेलेलं झाड हातात धरवत नाही.

ही तूर कोणाची असते, हे तुला मी सांगायला नको. बांधीतलं धान घरधन्याचं, धुऱ्यावरची तूर घरच्या बाईची. आपल्या गावात कुठलाही पुरुष त्या तुरीचा हिशेब विचारत नाही. तुझी पहिली सायकल आईच्या तुरीतून आली होती. ती सायकल तू बोडीच्या पाण्यात घातलीस, तरी आई हसली होती.

घरी गेले तर आईनं तुझी बाटली देवाच्या फळीवर ठेवलेली. हळदीकुंकवाच्या करंड्याशेजारी! 'वाढवेल टॉनिक, पेशीला द्या आम्लशक्ती', आणि खाली लिंबाचं चित्र. झाकण उघडलं आणि वास आला. ओमेश, तो तणनाशकाचा वास आहे. पाणी घालून पातळ केलेलं, रंग मिसळलेलं, पण तेच. रुंद पानाचं तण मारायला धानात मारतात ते. ते धुऱ्यावर उडालं तर तूर मुरडते, हे गावातल्या कुठल्याही बाईला ठाऊक आहे. पण बाटलीवर 'टॉनिक' लिहिलं होतं आणि बाटली आपल्या ओमेशची होती. म्हणून बायांनी ते तुरीवर आपल्या हातानं मारलं. घरच्या पोराचं औषध म्हणून मापापेक्षा थोडं जास्तच टाकलं. आईनंसुद्धा.

आता मुख्य गोष्ट. गावानं गुन्हेगार शोधलाय, आणि तो तू नाहीस. बोडीपलीकडे एकटी राहणारी रुख्मामावशी आठवते? जंगलाकडच्या गावातून लग्न होऊन आलेली, नवरा गेल्यावर शेळ्यांवर आणि रोवणीच्या मजुरीवर जगणारी. आपल्या सगळ्यांच्या धुऱ्यांवरचं गवत ती वर्षानुवर्षं कापत आली. यंदा, गावात ज्याचा शब्द चालतो त्या चैतरामकाकानं तिला मना केलं, म्हणे तूर तुडवली जाते. ती काही ऐकून घेणारी नाही. भर बांधावर म्हणाली, "मले गवत नाई, तं तुमालेबी तूर नाई होनार, पाह्यजा!" आणि पोळा झाल्यावर तूर मुरडली. तिनं म्हटलं आणि झालं, म्हणजे करणी तिचीच, एवढं गावाला पुरलं.

तू ये. चैतरामकाकासमोर उभा राहा आणि बाटलीत काय आहे ते सांग. बाकी तुझ्याशी मला काही बोलायचं नाही.

संध्या


तिरोडा
१७ सप्टेंबर

ओमेश,

माझ्या पत्राचं उत्तर तू आईच्या फोनवर, बोलून पाठवलंस. काल आईनं ते मला ऐकवलं. दोनदा ऐकवलं, कारण तिला त्यात तुझा आवाज ऐकायचा होता, बाकी काही नाही.

"आई, ताईले सांग टेन्शन नको घेऊ. प्रॉडक्ट एकदम सेफ आहे, लॅब टेस्टेड. ते रुख्मा पयलेपासूनच तशी आहे. गाववाले जे करतेत ते करू दे, आपून काऊन मधात पडाचं?"

आपण कशाला मधे पडायचं! हे वाक्य ऐकून मी उठून मोरीत गेले आणि चूळ भरून आले. तुझ्या आवाजाचीच मला किळस आली. अगदी शांत, गोड, गिऱ्हाइकाशी बोलतोस तसा आवाज.

लॅब टेस्टेड म्हणतोस. तुझी लॅब मला माहीत आहे. आपल्या घरची मागची पडवी. मी एम.एस्सी.ला होते, तू बारावीत. धानाला कोंब फुटले होते, त्यांचे मी ब्लेडनं सारखे तुकडे केले. काही साध्या पाण्यात ठेवले, काही लिंबानं किंचित आंबट केलेल्या पाण्यात. तासाभरात आंबट पाण्यातले तुकडे लांबले. पट्टी लावून तू पाहिलंस आणि ओरडलास, "ताई, निंबूपानी पिऊन वाढला वो हा!" आई पळत आली, कोणाला साप चावला म्हणून.

त्या दिवशी शिकवलेलं तू विकायला काढलंस. ते पुन्हा शिकवते, यावेळी पूर्ण ऐक.

झाडाच्या प्रत्येक पेशीभोवती भिंत असते. आत पाणी दाटलेलं, बाहेर पसरायला बघत असतं, भिंत त्याला धरून ठेवते. धानानं गच्च भरलेलं पोतं आणि त्याची शिवण, असं समज. वाढायची वेळ झाली की झाडाचं संप्रेरक पेशीला सांगतं. मग पेशी आपल्या भिंतीत आम्ल सोडते. भिंत आंबट झाली की तिच्यातले टाके सैल करणारी प्रथिनं कामाला लागतात, भिंत जराशी ढिली पडते आणि आतल्या पाण्याच्या दाबानं पेशी लांबते. शेंडा उजेडाकडे वळतो तेही यामुळेच. अंधाराकडच्या बाजूला संप्रेरक जास्त जमतं, ती बाजू जास्त लांबते आणि खोड पलीकडे झुकतं.

एवढं तू लिहून घेतलं होतंस. पुढचं तू ऐकलंच नाहीस, कारण मित्रांनी गोंदियाला सिनेमाला जायला हाक मारली होती. ते तुकडे थोडा वेळ लांबले आणि थांबले. संध्याकाळी तू आलास तेव्हा मी ते फेकून दिले होते. तुला वाटलं ते अजून वाढतच असतील.

झाड आपलं संप्रेरक स्वतः बनवतं, हवं तिथे पोचवतं आणि काम झालं की मोडून टाकतं. टाके सैल केल्यावर नवे टाके घालतं. तुझ्या बाटलीतलं औषध त्या संप्रेरकाचं सोंग घेतं. धान ते मोडून पचवतं. तुरीला ते मोडता येत नाही. मग तिच्या पेशींना वाढ, वाढ, वाढ असा हुकूम सुटतो आणि तो कोणी मागे घेत नाही. एक बाजू ताणते, दुसरी फुगते, खोड पिळतं, आतल्या पाण्याच्या नळ्या चेपतात. झाड स्वतःच्या अंगाखाली चिरडून मरतं.

हे सगळं तुला ठाऊक नव्हतं असं म्हणू नकोस. तणनाशकाचे डबे कुठून आणलेस, त्यांच्यावर काय लिहिलं होतं, ते तू वाचलं असशील. वाचून वर माझ्या लिंबाचं चित्र छापलंस. त्यात लिंबाचा थेंब नाही. मी एकदा प्रेमानं शिकवलेली गोष्ट त्या बाटलीवर चिकटलेली बघून मला अंगावर पाल पडल्यासारखं झालं.

रुख्मामावशीला हातपंपावर बाया पुढे येऊ देत नाहीत. कापणीत धानाचे भारे बांधायच्या टोळीतून तिचं नाव काढलंय. एवढं तरी वाच.

संध्या


तिरोडा
२७ सप्टेंबर

ओमेश,

साडी पोचली. प्लॅस्टिकच्या पिशवीत, जरीकाठाची, वर चिठ्ठी: 'रुख्मा मौसी के लिए.' आईला फोनवर म्हणालास, "तिले दे, अन् म्हना बहिनीकडं निंघून जाय थोडे दिवस. सगळं थंड झालं का वापस ये म्हना."

आईला वाटलं, पोराचं मन मोठं आहे. ती साडी घेऊन बोडीपलीकडे गेली. मी बरोबर होते. रुख्मामावशी शेळीला पाला तोडून टाकत होती. तिनं साडीकडे पाहिलं, हातही लावला नाही.

"कायले जाऊ मी?" म्हणाली. "घर माहं आहे. गेली तं सारे म्हनतीन, तशीच होती म्हून पळाली."

आई म्हणाली, "पोरानं प्रेमानं पाठवली रुख्मा."

"तुह्या पोराले मी कडेवर खेळवला देवका. त्याले काऊन मायी दया आली अचानक, ते ईचार त्याले."

आई मागे वळली. येताना साडी तिनं पदराखाली लपवून आणली, कोणी पाहू नये म्हणून. घरी आल्यावर ती माझ्यावरच भडकली. म्हणाली, तूच पोराच्या नावानं काहीबाही पसरवतेस, तुला त्याची प्रगती बघवत नाही. मी तिला परत सगळं सांगितलं, पोत्याचं, शिवणीचं. तिनं कानात बोटं घातली. खरंच घातली, लहान मुलासारखी. आपली आई इतकी म्हातारी झाली आहे हे मला तेव्हा दिसलं. त्या म्हाताऱ्या बाईला तू ढाल म्हणून वापरतोस. तुझा विचार मनात आला तरी थुंकावंसं वाटतं.

दसरा झाल्यावर येणाऱ्या रविवारी, म्हणजे पाच तारखेला, चैतरामकाकाच्या अंगणात बैठक आहे. रुख्मामावशीला गावात ठेवायचं की नाही, हे ठरणार. असं काही ठरवणं गुन्हा आहे, हे मी काकाला सांगितलं. तो म्हणाला, "मास्तरीणबाई, आमी कोनाले मारून नाई राहिलो. फक्त म्हनून राहिलो का जाय." वाईट माणूस नाही तो. त्याच्या बायकोची तूर सगळ्यांत जास्त गेली आणि त्याला कुणावर तरी बोट ठेवायचंय.

मी आणखी काय केलंय ते इथे लिहीत नाही. तू आलास तर ते लिहायची गरज पडणार नाही. पाच तारखेला सकाळची गाडी पकड. गावासमोर एकदाच बोल. त्यानंतर माझं तोंड पाहू नकोस, चालेल मला.

संध्या


तिरोडा
७ ऑक्टोबर

ओमेश,

तू आला नाहीस. माझा अंदाज तोच होता, तरी सकाळी मी स्टेशनवर जाऊन आले. हे मी आईला सांगितलेलं नाही.

तू नाही, पण तुझा आवाज आला. चैतरामकाकाच्या फोनवर, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "काकाजी, आपलं प्रॉडक्ट एकदम शुद्ध जैविक. ताई माही कॉलेजवाली आहे, तिले गावातलं काय समजते? बाकी तुमी मोठे आहा, तुमी जे ठरवान ते बरोबर." बैठकीतल्या माना डोलल्या. रुख्मामावशी एका कडेला उभी होती. बसायला कोणी सांगितलं नाही, ती बसलीही नाही.

मी उठून बाटलीत काय आहे ते सांगितलं. बोलता बोलता कळत होतं की कोणी ऐकत नाही. मला त्यांचीही शिसारी आली, खोटं कशाला सांगू. ओळखीची माणसं, माझ्या लग्नात पंगतीत वाढणारी, आणि एका बाईला हाकलायला सकाळी आंघोळ करून, टोप्या घालून बसलेली.

तेवढ्यात आई उठली. मला वाटलं माझ्या बाजूनं बोलेल. छे! ती माझ्यावर ओरडली.

"बस झालं! चार बुकं शिकली म्हून भावाले चोर बनवते? माह्या पोराचं औषध देवाजवळ ठेवतो आमी. चला सारे माह्या आंगनात. दावते तुमाले."

आई काय करणार ते मला कळलं. मी तिचा हात धरला, म्हटलं आई, नको, तुरीचं एक रोप कुंडीत लावू, वाटलं तर वांग्यावर टाक. तिनं हात झटकला. सगळा गाव मागे. घरात जाऊन तिनं फळीवरची बाटली आणली, गडव्यात ओतली, पाणी घातलं, घरच्या पोराचं औषध म्हणून मापापेक्षा थोडं जास्तच, आणि अंगणातल्या कुंडीतल्या तुळशीवर शिंपडलं. एका हातानं शिंपडत होती, दुसऱ्या हातानं डोळे पुसत होती.

"घ्या, पाह्यजा. पोराच्या औषधानं तुळस मरत नसते."

चैतरामकाकानं टोपी सारखी केली. म्हणाला, उद्या सकाळी बघू, तोवर निकाल नाही. माणसं घरी गेली.

उद्याची गरज पडली नाही. दुपारी जेवणं झाली तोवर तुळशीचे कोवळे शेंडे खाली बघायला लागले. आई म्हणाली, ऊन आहे. तिनं पाणी घातलं. दिवस कलला तेव्हा सगळ्या डहाळ्या वळल्या होत्या, मंजिऱ्या जमिनीकडे. शेजारची निर्मलाबाई दिवा लावायच्या वेळेला डोकावली, कुंडीकडे पाहून तोंडावर हात ठेवला आणि निघून गेली. मग एकेक बाई येत राहिली. कोणी आईला दोष दिला नाही. प्रत्येकीनं ते झाड ओळखलं, कारण प्रत्येकीच्या धुऱ्यावर तेच उभं होतं.

सकाळी काका आला. कुंडीपाशी वाकून बसला, खोडावरून बोट फिरवलं, तिथे पीळ पडला होता. मग बोडीकडे निघाला आणि आम्हीही मागे गेलो.

काका माफी मागताना अडखळला. रुख्मामावशीनं त्याला पुरतं बोलूही दिलं नाही. "ते राहू द्या भाऊ," म्हणाली. "धुऱ्यावरचं गवत कापू का नाई, तेवढं सांगा."

"काप," काका म्हणाला.

तिनं तिथल्या तिथे विळा उचलला. आमच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

संध्या


तिरोडा
४ नोव्हेंबर

ओमेश,

हे शेवटचं पत्र. मी काय केलं ते आता लिहिते. दसऱ्याआधीच दुकानातून घेतलेली तुझी एक बाटली आणि मुरडलेली झाडं मी कृषी खात्यात नमुना म्हणून दिली होती, लेखी तक्रारीसोबत. तू पाच तारखेला आलास तर कदाचित तुझ्या तोंडून कबुली जाईल, मग बघू, असं ठरवलं होतं. तपासणीत तणनाशकच निघालं. तुझ्या नावाची नोटीस निघाली आहे. दुकानांतल्या बाटल्या उचलल्या जातील. साक्षीदारांत माझं नाव आहे, आणि काकाचं, आणि रुख्मामावशीचं. तुला वाचवायचं म्हणून आता कोणी फोन करायचा नाही. मला तर नाहीच.

यंदा आपल्याकडे तुळशीचं लग्न नव्हतं. गल्लीत फटाके वाजले, ऊस आणि आवळे सगळ्यांच्या दारात आले. मी बाजारातून नवं रोप आणलं होतं. आईनं ते लावू दिलं नाही, निर्मलाबाईकडे देऊन टाकलं. आपली कुंडी अंगणात तशीच आहे. काळं, पिळलेलं खोड, एक पान नाही. मी फेकायला उचलली तर आई माझ्या अंगावर धावून आली.

घरी कोणीही आलं की ती आधी त्याला कुंडीशी नेते. काल दवनीवाड्याचे पाहुणे आले होते, त्यांनाही नेलं. चहा नंतर. "हे माह्या पोरानं पाठवलं होतं," असं म्हणते, आणि पाहुण्यांना कुठे बघावं कळत नाही. तिच्या आवाजात राग नसतो. पूर्वी बाटली दाखवताना बोलायची त्याच आवाजात सांगते. मला ते ऐकवत नाही, मी आत निघून जाते.

काल तिला विचारलं, ओमेशला लिहिते आहे, तुला काही सांगायचंय का? ती तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवलं. मग म्हणाली ते तिच्याच शब्दांत लिहिते, माझं एक अक्षर त्यात नाही.

"त्याले म्हना, तुळस तशीच ठेवली आहे. मी पानी नाई टाकत तिले. घरी येशीन, तं तूच टाक."

संध्या